गार्डसाहेबांचं संशोधन

झाशीतले हॉकी खेळलेले जे म्हातारे अजून सकाळी मैदानावर फेऱ्या मारायला येतात, त्यांना आमच्या रेल्वे कॉलनीच्या जुन्या गोलकीपरबद्दल विचारून बघा. आधी हसतील, मग सांगतील की गार्डसाहेब खेळायला चांगले, पण माणूस बेईमान. नियम माहीत असून फायनलला मोठे पॅड बांधून उतरले. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं ऐकत आलो आणि ऐकताना मान हलवत आलो. एकदा तर पदरचा मीठमसाला घालून मीच ती सांगितली, आणि लोक पोट धरून हसले.

गार्डसाहेब बेईमान नव्हते. त्यांना नियम माहीत नव्हता. तो त्यांना माहीत नाही, हे सगळ्या झाशीत फक्त मला माहीत होतं.

ते दिवस वाफेच्या इंजिनांचे. कॉलनीत धुणं वाळत घालायचं ते वाऱ्याची दिशा बघून. लोको शेडमधली राख आणून आमचं मैदान केलेलं होतं, त्यामुळे पांढरा बॉल मध्यंतरापर्यंत काळा व्हायचा आणि पडलेला माणूस उठायचा तो गुडघ्याला काळी नक्षी घेऊन. मी माल ऑफिसात कारकून होतो आणि कॉलनीच्या टीमचा मंत्री. मंत्री म्हणजे सामन्याच्या आधी लिंबं आणणारा आणि सामन्यानंतर भांडणं मिटवणारा. शिवाय राखीव गोलकीपरही मीच होतो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. राखीव असण्यात मला काही अडचण नव्हती. राखीव माणसाला बॉल लागत नाही.

गार्डसाहेब भुसावळहून बदलीवर आले. मालगाडीचे गार्ड. बुटके, गोल चेहऱ्याचे, कायम हसू येण्याच्या बेतात असलेले. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं मराठी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. आमचं घराणं झाशीत केव्हा आलं हे कुणाला नीट सांगता येत नाही. सरदारांबरोबर आलं असं वडील म्हणत, सरदारांच्या घोड्यांबरोबर आलं असं काका म्हणत. इतक्या पिढ्या इथे राहिल्यावर भाषेचं व्हायचं ते झालं होतं. मी गार्डसाहेबांना म्हणालो, "बसा ना जी, चहा पिऊन घ्या, मग चालून जाऊ."

"अरे, हे काय मराठी आहे?" ते म्हणाले. "हिंदीला नऊवारी नेसवलीयस तू!"

पण त्यांचं हिंदी माझ्या मराठीपेक्षा धोकादायक होतं. मराठीतला शब्द तसाच उचलून हिंदीत ठेवायचा आणि पुढे 'है' लावायचं, एवढंच त्यांचं व्याकरण. स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष हिंदीचे मास्तर होते, शुद्ध हिंदी बोलणारे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, पंच म्हणूनही तेच उभे राहत. त्यांनी ओळख करून देताना सांगितलं, "हम शिक्षा विभाग में हैं." गार्डसाहेबांचा चेहरा उतरला. बाजूला येऊन मला विचारतात, "एवढा सज्जन दिसणारा माणूस तुरुंगात नोकरी करतो?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मी सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला. "आमच्या शाळेचा विचार केला तर एकच की रे ते," म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांचा दुभाषा झालो. कुठे शब्द अडला की ते माझ्याकडे बघत आणि मी सांगेन ते धरून चालत. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

आता पॅडांचं. भुसावळला असताना बॉल लागून त्यांची नडगी मोडली होती. प्लास्टर, हलकी ड्यूटी, घरी बसणं, सगळं झालं होतं. तेव्हा वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, अट घातली होती. "खेळा. पण पाय घरी आणा." आणि अट घालून त्या थांबल्या नाहीत. भंगारात निघालेल्या डब्यांच्या सीटांचा काथ्या आणि हिरवं रेक्झिन त्यांनी मिळवलं, दाभण घेतलं, आणि गोधडीला घालतात तसे जाड धावदोरे घालून स्वतःच्या हातांनी पॅड शिवले. ते बांधून गार्डसाहेब गोलात उभे राहिले की दोन लोडांच्या मध्ये कुणीतरी माणूस विसरून गेल्यासारखं दिसायचं. पाय जोडले की मागचा गोल बराचसा नाहीसाच व्हायचा. गावातले लोक त्यांना 'गार्ड साहब के गद्दे' म्हणत.

गद्द्यांनी आम्हाला स्पर्धेत पुढे पुढे नेलं. जवळच्या बबीना छावणीची फौजी टीमसुद्धा हरली. मग फायनलला समोर आली शहराची टीम, आणि शहराच्या टीममध्ये मानिक चौकातल्या भांडीवाल्याचा मुलगा होता, सेंटर फॉरवर्ड. आम्ही त्यालाच भांडीवाला म्हणायचो. लहानपणापासून पितळी हंडे उचलून त्याचे दंड असे झाले होते की त्याचा फटका आधी ऐकू यायचा आणि नंतर दिसायचा. त्यानेच तक्रार केली. मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली सतरंजी टाकून सभा भरली.

"मास्टरजी, मुझे गोल दिखता ही नहीं," तो म्हणाला. "मैं मारूँ कहाँ? गद्दे पर?"

बबीन्याचे हवालदार हरले होते म्हणून जरा जास्तच निष्पक्ष झाले होते. "ऐसा है तो अगली बार हम गोल में टैंक खड़ा कर देंगे. वो भी तो अपनी रक्षा ही करता है."

गार्डसाहेब उठले. "सुनिए! मेरा नडगी टूटा था!"

"कौन सी नगरी टूटी थी?" मास्तरांनी विचारलं.

मी उठून माझ्या पायाला हात लावून दाखवलं, तेव्हा कुठे नगरी वसली. मग खरा वाद सुरू झाला. तो इतका रंगला की चहावाला किटली घेऊन तिथेच बसून राहिला. भांडीवाल्याचं म्हणणं, पॅड पायाएवढे असावेत, दरवाजाएवढे नाही. गार्डसाहेबांचं म्हणणं मी हिंदीत केलं ते असं की तुमच्या हातात काठी, बॉल दगडासारखा, आणि माझ्याकडे काय? बॉल मऊ करा, मी पॅड बारीक करतो. भांडीवाला म्हणाला, मग रबराच्या चेंडूने खेळू आणि नंतर सगळे मिळून झोके घेऊ. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "प्रश्न यह है कि पैड रक्षा किसकी करता है? टाँग की, या गोल की?"

प्रश्न फार चांगला होता. मी तो गार्डसाहेबांना मराठीत सांगितला. ते म्हणाले, "त्यांना म्हणावं, टांग गोलाच्या समोरच उभी असते. मी काय करू?"

सगळे हसले, मास्तरही हसले. पण समितीने गार्डसाहेब ड्यूटीवर गेल्यावर निर्णय घेतला तो त्यांच्या विरुद्ध. मास्तरांनी मला बोलावून तोंडी सांगितलं, "एक फुट. इससे चौड़ा नहीं. अपने गार्ड साहब को ठीक से समझा देना." आणि कडुलिंबाच्या खोडाला त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात सूचना लावली: गोलकीपर के पैड की चौड़ाई के विषय में समिति का संशोधन स्वीकृत हुआ. माप टीम के मंत्री से पूछें.

हिंदीत संशोधन म्हणजे नियमात केलेला बदल, सुधारणा. मराठीत संशोधन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

गार्डसाहेब गाडीवरून उतरून तडक मैदानावर आले. चष्म्यावर कोळशाचा थर. मला म्हणाले, "वाचून दाखव रे, काय लिहिलंय."

मी वाचून दाखवलं. जसं होतं तसं, हिंदीत.

गार्डसाहेबांचा चेहरा उजळला. "संशोधन? समिती संशोधन करणार? अरे वा! हिंदीवाले असून शास्त्रीय निघाले की! मला वाटलं सरळ बंदी घालतील. हे बरोबर आहे. आधी अभ्यास, मग निर्णय. आणि माप तुला विचारायचंय म्हणजे मापं आपणच गोळा करून द्यायची. अरे, मी देतो की!"

मी तोंड उघडलं. आता सांगतो, असं म्हणूनच उघडलं होतं. तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाला भांडीवाला सराव करत होता, त्याचा फटका बसला आणि पलीकडच्या भिंतीवरून पारवे उडाले. माझ्या मनात हिशेब झाला. पॅड एका फुटाचे झाले तर वहिनी यांना खेळू देणार नाहीत. वहिनींचं नाही म्हणजे नाही. मग गोलात कोण उभं राहील? राखीव. राखीव कोण? आणि माझे पॅड वेताचे, जुने, जागोजागी वेत बाहेर आलेले.

मी तोंड मिटलं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणालो.

गार्डसाहेबांनी त्याच संध्याकाळी संशोधन सुरू केलं. खिशात सुतळीचं भेंडोळं घेऊन ते झाशीतल्या दिसेल त्या गोलकीपरला गाठत. पॅडाची रुंदी सुतळीने घ्यायची, गाठ मारायची, पुढचा माणूस. बबीन्याला गाडी उभी राहिली की उतरून त्यांनी हवालदारांच्या गोलकीपरची मापं घेतली. खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन क्रिकेटचे पॅड मोजले, आणि दुकानदार काय हवं म्हणाला तेव्हा "कुछ नहीं, संशोधन है" म्हणून बाहेर पडले. नडग्याही मोजल्या. माझीसुद्धा मोजली आणि म्हणाले, "तुझ्या पायाला तर पॅडापेक्षा म्यान शोभेल."

वहिनी मला दारातच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या समितीला काही कामधंदा नाही का हो? घरात सुतळीशिवाय काही दिसेनासं झालंय. काल वरणात निघाली."

आणि गंमत बघा, कुणाला संशय आला नाही. बडा बाजारात मास्तर समोरून आले, मी बरोबर होतो. त्यांनी आपुलकीने विचारलं, "कहिए गार्ड साहब, पैड में संशोधन हो रहा है न?"

"ज़ोर से चालू है, मास्टरजी!"

"बहुत अच्छा. फ़ाइनल तक पूरा हो जाएगा?"

"फ़ाइनल में लेकर ही आऊँगा!"

मास्तर खूश, गार्डसाहेब खूश. मध्ये मी उभा होतो, गाजराच्या ढिगाकडे बघत. दोघांना कळणारी भाषा बोलणारा तिथे मी एकटाच होतो आणि मी गाजरांचा भाव विचारला.

अजून एकदा संधी आली. फायनलच्या आदल्या दिवशी गार्डसाहेबांनी मला घरी बोलावलं. सुतळ्या जमिनीवर ओळीने पसरल्या होत्या. त्यांच्या शेजारी गद्द्यांच्या मापाची सुतळी, सगळ्यांपेक्षा लांब. ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

"काय आहे रे," ते हळूच म्हणाले, वहिनी आत होत्या म्हणून, "आपले पॅड जरा जास्तच आहेत. नडगीला एवढं लागत नाही. मास्तरांचा प्रश्न बरोबर होता. ह्यातलं निम्मं टांगेसाठी आणि निम्मं गोलासाठी आहे. उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकतो, एक फूट पुरे."

एक फूट! समितीने ठरवलं तेच त्यांनी सुतळीवरून काढलं होतं. मला नुसतं म्हणायचं होतं, मग आजच बारीक करा. आतून वहिनी 'नाही' म्हणाल्या असत्या, तर त्यांना ते सुतळ्या दाखवून पटवू शकले असते. मी म्हणालो तरी, अर्ध्या तोंडाने, "मग आत्ताच उसवायचं का?"

"छे छे. संशोधन मांडायच्या आधीच बदल केला तर त्याला अर्थ काय? उद्या मांडू, समिती ठरवेल, मग ही उसवेल. पद्धत म्हणून काही आहे की नाही?"

त्यांनी पद्धत म्हटल्यावर मला बरं वाटलं. म्हणजे उद्या तरी मी गोलात नव्हतो.

फायनलला सगळी झाशी लोटली होती. गार्डसाहेब आले ते पायात हिरवे गद्दे आणि गळ्यात सुतळ्यांचा झुबका घालून. मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली.

"गार्ड साहब! यह क्या है?"

"संशोधन!" गार्डसाहेबांनी झुबका उंच धरला. "सबका नाप लिया है. आपका भी लेना था, रह गया."

मैदान हसून लोळायला लागलं. मास्तरांना वाटलं, हा माणूस आपली आणि आपल्या समितीची भर मैदानात टिंगल करतोय. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "संशोधन स्वीकृत हो चुका था!"

"हाँ, इसी के वास्ते तो किया!"

मास्तर माझ्याकडे वळले. "मंत्री जी, आपने इन्हें सूचना दी थी?"

मी म्हणालो, "जी, पढ़कर सुनाई थी."

यातला एकही शब्द खोटा नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आहे.

आणि गार्डसाहेबांनी, मला आधार द्यावा म्हणून, माझ्या खांद्यावर हात ठेवून जोरात सांगितलं, "हाँ हाँ, इसने बराबर पढ़के सुनाया!"

"तो फिर जान-बूझकर!" मास्तर म्हणाले, आणि हात लांब करून बाहेरची दिशा दाखवली.

गार्डसाहेबांना काय झालं ते कळलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, नेहमी शब्द अडल्यावर बघत तसे. मी बुटाची नाडी बांधत होतो. लोक 'बेईमान, बेईमान' ओरडायला लागले, तो शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, तेव्हा ते खाली बसले आणि गद्द्यांचे पट्टे सोडायला लागले. पट्टे पुष्कळ होते. वहिनींनी शिवताना एकही कमी केला नव्हता. शेवटचा सुटेपर्यंत सगळं मैदान त्यांना हुर्यो करत होतं.

मग गोलात मी उभा राहिलो. किती गोल झाले ते विचारू नका. भांडीवाल्याने पहिला फटका मारला तो माझ्या नडगीवर बसला आणि वेताचा तुकडा उडून मास्तरांच्या पायाशी पडला. त्यानंतर मी बॉलच्या वाटेतून बाजूला होत गेलो, आणि गर्दीत कुणीतरी ओरडलं, "अरे, दरवाज़ा खुला छोड़ गए!"

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. पण 'संशोधन' हा शब्द गावाला आवडला. पत्ते खेळताना कुणी पान लपवलं की लोक म्हणत, संशोधन कर रहा है. दुधात पाणी दिसलं की गवळ्याला विचारत, आज संशोधन ज़्यादा हो गया क्या? गार्डसाहेब हे सगळं हसण्यावारी नेत होते. मग एक दिवस गाडी सुटायच्या वेळी त्यांच्याच ड्रायव्हरने इंजिनातून वाकून विचारलं, "झंडी सच्ची है न, गार्ड साहब? कि संशोधन है?"

ड्रायव्हर थट्टा करत होता. पण गार्डने हिरवी झेंडी दाखवली की मागे न बघता गाडी चालवायची असते. त्या झेंडीवर शंका, ती थट्टेतसुद्धा, गार्डसाहेबांना सोसली नाही. हे मला वहिनींनी सांगितलं. गार्डसाहेबांनी बदलीचा अर्ज केला आणि दोघं भुसावळला परत गेले. मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो नाही. ऑफिसात काम आहे म्हणालो. काम होतंही, थोडंसं.

गेल्या थंडीत मी बडा बाजारात डाळ घ्यायला गेलो होतो. दुकानदार तरुण आहे, मला बाबूजी म्हणतो. पुढचं गिऱ्हाईक त्याला म्हणालं, "पूरा तौलो भैया, संशोधन मत करो." मी सहज विचारलं, ही म्हण कुठून आली माहीत आहे का? तो म्हणाला, "दादाजी बताते थे, रेलवे में कोई गार्ड था, बड़ा बेईमान." डाळ न घेता मी घरी आलो. सकाळी भुसावळची गाडी पकडली.

दार वहिनींनी उघडलं. केस पांढरे, कमरेत वाकलेल्या, पण मला लगेच ओळखलं. "भाऊजी! या. अहो, कोण आलंय बघा, तुमची नऊवारी आली!"

गार्डसाहेब खाटेवर बसले होते. कानाला यंत्र. मी चहाची वाट न बघता सगळं सांगितलं, मध्येच वहिनींनी चहा आणून ठेवला तरी थांबलो नाही. हिंदीतला संशोधनाचा अर्थ, एक फुटाचा तोंडी निरोप, पारवे, गाजरं, सगळं. सांगताना मला वाटत होतं, आता हे ओरडतील, आता हाकलतील. ते नुसते ऐकत होते. मग म्हणाले,

"म्हणजे मास्तरांनी फसवलं नाही?"

"नाही."

"अरे देवा. मी समजत होतो, त्याने संशोधन मागवलं आणि मुद्दाम बघितलं नाही. इतकी वर्षं मी त्या माणसाला रोज शिव्या देतोय!"

"रोज," वहिनी म्हणाल्या. "आंघोळीच्या वेळी."

"फुकट गेल्या सगळ्या! आहे का तो?"

मास्तर मागेच वारले, असं मी सांगितलं. गार्डसाहेबांचं हसू येण्याच्या बेतात असलेलं तोंड पहिल्यांदाच तसं दिसेना. वहिनी उठल्या आणि माझ्यासमोरची चहाची कपबशी उचलून आत घेऊन गेल्या. त्यात अजून चहा होता. ते मला बोललेल्या शब्दापेक्षा जास्त लागलं.

मग गार्डसाहेबांनी विचारलं, "त्या दिवशी तुला बॉल लागला होता ना रे? गोलात?"

"लागला होता. डाव्या नडगीवर."

"दाखव."

मी पँट वर केली. त्यांनी चष्मा लावला, वाकून नीट बघितलं, अंगठ्याने दाबून बघितलं.

"काही दिसत नाही."

"तेव्हा दिसत होतं. महिनाभर काळंनिळं होतं."

"स्वस्तात सुटलास," ते म्हणाले, आणि माझी पँट स्वतःच्या हाताने खाली केली. मग आत हाक मारून म्हणाले, "अगं, चहा आण त्याचा. गार झाला असेल तर तसाच आण." आणि मला म्हणाले, "जा आणि झाशीत सांग. माझं नाव नको सांगू, नाव कुणाला माहीत नाही. गार्ड म्हणून सांग. गार्ड बेईमान नव्हता, एवढं सांग. बाजारात सांग, जिथे बोलतात तिथे."

चहा गार झाला होता. मी प्यायलो.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी डाळीच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराला सगळी हकिगत हिंदीत सांगितली. तो तागडी हातात धरून ऐकत होता. मागे गिऱ्हाइकं थांबली होती, तीही ऐकायला लागली. संपल्यावर तो म्हणाला, "तो बेईमान गार्ड नहीं था. आप थे, बाबूजी."

"हाँ जी."

"और हम लोग बेचारे को..." तो हळहळला. मला वाटलं, झालं, एक तरी दुकान मार्गी लागलं.

आठवड्याने परत गेलो, तर शेजारचा गूळवाला मला बघून उठून उभा राहिला आणि आपल्या गिऱ्हाइकाला कौतुकाने म्हणाला, "देखो, यही हैं! वो गद्दे वाले गार्ड साहब, जिनकी कोई ग़लती नहीं थी!"

गिऱ्हाईक माझ्या पाया पडायला वाकलं.

"नहीं नहीं भैया," मी म्हणालो, पिशवी खाली ठेवली, गुळाच्या पोत्यावर बसलो आणि सगळं परत सांगायला घेतलं.